न साठवलेला राग

मामा, तुमची परात अजून बाहेरच्या खोलीतच आहे. मामी ती कुणाला हलवू देत नाही. परवा झाडायला येणाऱ्या बाईंनी ती उचलून भिंतीला टेकवली, तर मामी आतून ओरडली, "हात लावू नका तिला!" बाई बिचाऱ्या घाबरल्या. जी वस्तू लोकांनी हात लावावा म्हणूनच बनवली, तिला हात लावू नका म्हणणारी मामी पहिलीच. तुम्ही असतात तर हसत हसत दुकानातल्या सगळ्यांना सांगत सुटला असतात.

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. लोक माझ्याशी तुमच्याबद्दल बोलताना 'होते, करायचे' असं बोलतात आणि मला राग येतो. एवढी काय घाई आहे? म्हणून म्हटलं, दुसऱ्यांशी तुमच्याबद्दल बोलण्यापेक्षा सरळ तुमच्याशीच बोलावं. शिवाय आपलं एक भांडण राहिलं आहे. ते रविवारी करायचं ठरलं होतं.

दुखवट्याला आलेलं कुणी कुणी विचारायचं, ही परात कसली? डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अशा वेळी कसा समजावून सांगायचा? तुम्ही मात्र एका वाक्यात उरकायचात. "मन दाखवणारी परात हाय," असं दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचात. मी आतून ओरडायचे, "मामा, मन नाही दाखवत, भावना दाखवते." "एकच की," म्हणून तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचात.

खरं सांगायचं तर तुम्हाला सुरुवातीला माझा प्रकल्प अजिबात आवडला नव्हता. बाबांची नोकरी श्रीपूरच्या कारखान्यात, म्हणून अकरावीपासून मी जुळे सोलापुरात तुमच्याकडे. मी पुण्याला डिझाइन शिकायला गेले तेव्हा तुम्ही सगळ्या पेठेला पेढे वाटले होते. मग शेवटच्या वर्षाला मी घरी येऊन सांगितलं, की माणसाला जे वाटतं ते बोलता येत नसेल तर नुसत्या हातानं दाखवता यावं, असं काहीतरी मी बनवणार आहे. तुम्ही मामीकडे बघितलंत, मामीनं माझ्याकडे. "पगार कोण देतंय ह्याला?" एवढंच तुम्ही विचारलंत.

पण दुकान दिलंत मला. भांड्यांचं दुकान ही माझ्या कामाला फार सोयीची जागा होती, कारण स्टीलच्या भांड्यावर नाव घालून होईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबावंच लागतं. तुम्ही चष्मा नाकावर घेऊन मशीननं कर्रर्र करत नाव घालायचात आणि समोरचा माणूस रिकामा उभा असायचा. त्या रिकाम्या माणसासमोर मी माझं पहिलं काम ठेवलं. एका पडद्यावर सहा चेहरे. हसरा, रडका, रागीट, घाबरलेला वगैरे. आत्ता जसं वाटतंय तो चेहरा दाबायचा, की पडद्यावर त्याचे रंग पसरणार.

आठवडाभर सगळ्यांनी हसरा दाबला. सगळ्यांनी! एक बाई आईच्या स्मरणार्थ वाटायच्या वाट्यांवर नाव घालून घ्यायला आल्या होत्या. एका हातानं पदरानं डोळे टिपत होत्या आणि दुसऱ्या हातानं त्यांनी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. वर मला म्हणाल्या, "छान हाय की." त्या गेल्यावर तुम्ही मशीन बंद केलंत आणि म्हणालात, "अव्वा, दुकानदारासमोर रडकं तोंड कोण दाबंल? उद्या गावभर हुईल की." मला तुम्ही कायम अव्वाच म्हणत आलात. तुमच्या घरात लाडक्या पोरीला कानडीत आईच म्हणतात, आणि रागावतानाही तेच.

मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. तीन महिन्यांचं काम होतं ते. मी दोन दिवस दुकानात नुसती बसून राहिले आणि बसल्या बसल्या एक गोष्ट दिसली. भांडं घेताना माणूस आधी त्यावर तळवा ठेवतो. पत्रा जाड आहे का, हे बघायला दाबतो, थोडा वेळ हात तसाच राहू देतो. त्या वेळी त्याचं तोंड काहीही बोलत असलं तरी हात आपलं आपलं काम करत असतो. मी तुमच्याकडे एक परात मागितली. तुम्ही फळीवरची सगळ्यात जाड परात काढून दिलीत आणि मी तिला भोक पाडलं तेव्हा तोंड फिरवून बसलात.

ती ही परात. खाली दाब ओळखणारे चार तुकडे बसवले, आणि शेजारी भिंतीवर उजेड टाकणारा छोटा प्रोजेक्टर. तळवा ठेवला की भिंतीवर रेघा उमटतात, मागावरच्या उभ्या धाग्यांसारख्या. हात जड असेल तर त्या दाट होतात, थरथरत असेल तर विस्कटतात, हलका असेल तर लांब लांब जातात. चेहरे नाहीत, नावं नाहीत. काय वाटतंय हे परात सांगत नाही, तिला काय जाणवलं तेवढं दाखवते. हे वाक्य मी कॉलेजात म्हटलं तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मान डोलावली होती. तुमच्यापुढे म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता नाव घालू का हिच्यावर?"

"नको मामा, डिझाइन बिघडेल."

"बिघडतंय कसलं? बिननावाचं भांडं पंगतीत गेलं की परत येत न्हाई."

"मग खालच्या बाजूला घाला."

"खाली घातलं तर वाचणार कोण? काठावर घालायचं, वरनं."

घातलं नाहीत. मी घालू दिलं नाही.

काही दिवस दुकानात राहून परात घरात आली आणि तुम्हाला तिचा नाद लागला. दुकानातून आलात की चपला काढून आधी परातीवर हात. मग पाय धुणं. उन्हाळ्यात दुपारी पेठेत चिटपाखरू नसायचं, डॉक्टरांनी दुपारी विश्रांती घ्या म्हणून सांगितलेलं, तरी तुम्ही दुकान उघडं ठेवायचात. त्यावरून मामीशी रोजची खडाजंगी. सकाळी भांडून जायचात, संध्याकाळी परातीवर हात ठेवायचात, भिंतीवरचा गुंता बघायचात आणि "हम्म" करून आत जायचात. मामीही ठेवायची, पण कुणी बघत नसताना. मला दोघांच्याही रेघा ओळखता यायला लागल्या होत्या.

आणि मी त्या साठवत होते. आपल्या भांडणाचं मूळ हेच. मॅडमना प्रगती दाखवायची तर नोंदी हव्यात, म्हणून परातीवरचा प्रत्येक हात तारखेसह लॅपटॉपमध्ये जात होता. एका संध्याकाळी मी मोठ्या हौसेनं दोघांना बसवून महिनाभराच्या रेघा भिंतीवर दाखवल्या. मामी एका चित्रापाशी थांबली.

"ह्यो मंगळवारचा. एवढा राग हुता माझ्यावर?"

"कुठला मंगळवार?" तुम्ही विचारलंत.

"भिंतीवर हाय की."

जे भांडण तुम्ही दोघं विसरूनही गेला होतात, ते त्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून झालं. मामीनं भाकरी थापल्या त्याचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दुकानात बसवलंत. "अव्वा, हे साठवणं बंद कर. झालेलं भांडण कशाला शिळं गरम करून वाढलालीस?"

मी ऐकून घेणारी नव्हतेच. "मामा, तुम्ही जन्मभर काय केलंत? नावं कोरलीत. कायमची. आणि मी चार रेघा ठेवल्या तर चालत नाही?"

तुम्ही हातातला डबा बाजूला ठेवलात. "नाव घालतो ते भांडं हरवू नये म्हणून. राग हरवला तर कुणाचं काय जातंय?"

शेवटी मी ऐकलं, पण ते तुमच्या बोलण्यामुळे नाही, हे आज सांगून टाकते. ऐकलं, कारण आपलं सगळं साठतंय हे कळल्यापासून मामीनं परातीला हात लावणं सोडलं होतं, आणि तुम्ही तर फोटो काढून घेताना बसतात तसे ताठ बसून हात ठेवायला लागला होतात. रेघा कशा छान सरळ! माझी परात पुन्हा हसऱ्या चेहऱ्यावर आली होती. मी साठवणं काढून टाकलं. हात उचलला की रेघा थोडा वेळ राहणार आणि विरून जाणार. तुमची अट होती, की तुमच्या जुन्या रेघाही पुसायच्या. चष्मा लावून माझ्या पाठीमागे उभे राहिलात. "बॅकअप बी पुसलीस?" हा शब्द तुम्ही कुठून शिकलात कोण जाणे. मी तोही पुसला, तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्ही खूश होऊन मामीला भजी करायला सांगितलीत.

मग परात घरीच ठेवून मी पुण्याला गेले, शेवटच्या परीक्षणाआधी मॅडमना कामाचे कागद दाखवायला. मॅडम नाराज झाल्या. "नोंद नाही, तर परात काम करते हे कशावरून सांगणार? हे असंच मांडलंस तर परीक्षक पास करतील का, मला शंका आहे." मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. म्हटलं, मामा, साठवणं परत घालते, माझं वर्ष जाईल. तुम्ही दुकानात होतात, मागे कर्रर्र आवाज चालू होता. "फोनवर न्हाई. रविवारी येणार हाईस की? मग समोरासमोर भांडू."

शुक्रवारी दुपारी दुकानातच तुम्ही खाली बसलात ते उठला नाहीत. मी रविवारच्या तिकिटाऐवजी मिळेल त्या बसनं आले.

मातीच्या दिवसाचं मी काही लिहिणार नाही. मला ते आठवायचं नाही आणि तुम्हालाही आवडणार नाही. त्यानंतर घरात तुमचा फोटो मांडला, परात होती त्याच टेबलावर, तिच्या मागे. फोटोवर विभूती, हार, वर लावलेला बारका दिवा. तो दिवा ज्या बोर्डवर लावला, त्याच बोर्डवर तुम्ही माझा प्रोजेक्टर जोडून दिला होतात. बटण दाबलं की दोन्ही चालू. माझं लक्षच नव्हतं. माणसं यायला लागली, फोटोपुढे वाकायला लागली, आणि समोर चकचकीत परात दिसली की तिच्यावर तळवा ठेवून तो डोळ्यांना लावायला लागली. त्यांना वाटलं, हाच रिवाज आहे. पहिल्यानं केलं म्हणून दुसऱ्यानं केलं. अक्कलकोटच्या आत्याबाईंनी तर परातीत फूल ठेवून विभूतीची तीन बोटं ओढली. मी उठून सांगणार होते, की अहो, हे दर्शनाचं नाही. तेवढ्यात भिंतीकडे नजर गेली.

मामा, एवढ्या रेघा मी कधी बघितल्या नव्हत्या. महिनोन् महिने मी लोकांना विनवत होते, खरा हात ठेवा, खरा ठेवा. आणि तुमच्या फोटोपुढे कुणालाच काही दाखवायचं नव्हतं. जड हात, भिजलेले हात, घाईचे हात. एक पुतण्या नुसता उपचार म्हणून टेकवून गेला, तेही भिंतीला कळलं. दुकानाशेजारचे चादरवाले बशीरचाचा आले, ज्यांच्याशी तुमचं बाहेर मांडलेल्या परातींवरून वर्षानुवर्षं वाजत होतं. त्यांनी हात ठेवला तो उचलेचनात. भिंत भरून गेली. मी जवळ जाऊन त्यांना हळूच सांगितलं, की चाचा, हे माझं कॉलेजचं मशीन आहे. ते ओशाळले. "मेरेकू क्या मालूम, बेटा? सब हात रख रहे थे, मैं भी रख्या." आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "ये मेरा है क्या? इत्ता?"

हे सगळं मामी आतल्या दारातून बघत होती. ती तोवर रडली नव्हती. येईल त्याला तेच तेच सांगत होती, जेवायच्या वेळेला झालं, त्रास काही झाला नाही. सगळे गेल्यावर ती बाहेर आली आणि फोटोऐवजी परातीकडे बघत मला म्हणाली, "गौरी, त्यांचा हात हाय का ह्यात?"

मी म्हटलं, "नाही मामी."

"एक बी?"

"सगळं पुसलं. त्यांनीच पुसायला लावलं."

तिनं परातीतलं फूल उचलून फोटोपुढे ठेवलं. "त्या दिवशी भांडून गेले की दुकानाला," ती म्हणाली. "चांगला हात न्हाई तर न्हाई. तो राग जरी असता, तरी चाललं असतं मला."

राग हरवला तर कुणाचं काय जातंय, असं तुम्ही विचारलं होतंत. घ्या. हे गेलं. त्या क्षणी तुम्ही समोर असतात, तर मी तुमच्याशी असं काही भांडले असते, की पेठेत आवाज गेला असता. मामीला द्यायला माझ्याकडे एक रेघसुद्धा नव्हती, आणि ती मी माझ्या हातानं पुसली होती, तुम्ही मागे उभे राहून हसत होतात म्हणून.

पुढचे काही दिवस घरात चूल पेटली नाही. पाहुण्यांकडून, शेजाऱ्यांकडून डबे यायचे. आमटी, भात, शेंगाची चटणी, कडक भाकरी. मी आणि मामी भांडी घासून पालथी घालायचो आणि कुणाचं कुठलं ते नाव वाचून वेगळं करायचो. सगळी भांडी तुमच्याच दुकानची. सगळ्या नावांचं अक्षर तुमचं. मामी एकेक डबा उजेडाला धरून वाचायची. "हे बघ, हितं मशीन घसरली त्यांची. हे लई जुनं, तवा हात बघ कसा हुता." एक तांब्या तिनं पोटाशी धरला आणि परत द्यायला काही काढेना. शेवटी त्या शेजारणीनंच सांगितलं, राहू द्या वहिनी, आमच्याकडे दुसरा आहे.

मग तुमच्या स्मरणार्थ भांडी वाटायचा विषय निघाला. पाहुण्यांनी विचारलं, वाट्या की ताटल्या? गावभरच्या गेलेल्या माणसांची नावं ज्यानं घातली, त्याचं नाव आता कोण घालणार? बाहेरून घालून आणू, असं कुणीतरी म्हणालं. मामी नको म्हणाली. वाटायचंच नाही म्हणाली.

काल सकाळी ती मला घेऊन दुकानात गेली. कुलूप उघडलं, झाडून घेतलं, गल्ल्यापुढे उदबत्ती लावली आणि नाव घालायची मशीन माझ्या हातात दिली. घरून पिशवीत परात आणली होती, खालचे तुकडे आणि वायरी तशाच लोंबत होत्या. "काठावर घाल," म्हणाली. "वरनं. त्यांना तसंच पायजे हुतं."

"कैलासवासी घालू का आधी?"

"काही कै. बै. नको. नुसतं नाव."

मशीन हातात थरथरते, मामा. तुम्ही ती इतकी स्थिर कशी धरायचात? तुमच्या नावातलं जोडाक्षर फुटलं, शेवटचं अक्षर काठावरून खाली उतरलं. परात बिघडली. बशीरचाचा दारात उभे राहून बघत होते.

घरी येऊन मी परात जोडली. मामीनं पदर खोचला, समोर बसली आणि नावाच्या शेजारी तळवा दाबून ठेवला.

"दुपारी दुकान बंद करा म्हणलं हुतं का न्हाई?" ती फोटोकडे बघून म्हणाली. भिंतीवर रेघा उमटल्या. "डॉक्टरनं सांगितलं, मी सांगितलं, हिनं सांगितलं. ऐकलं का? कुणाचं ऐकलं का कधी? डबा बी तसाच परत आला की तुमचा. सकाळी उठून भाकरी केल्त्या मी, भांडून का हुईना. उघडून तर बघायचं!" आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, हात न उचलता. भिंत इतकी दाट झाली, की मागचा रंगसुद्धा दिसेना. मी लॅपटॉपपाशी बसले होते. साठवणं परत घालायला मला एक ओळ पुरली असती, आणि मॅडमना दाखवायला यापेक्षा मोठा पुरावा मिळाला नसता. मी हात मांडीवर ठेवून बसले.

बऱ्याच वेळानं तिनं तळवा उचलला. रेघा जरा राहिल्या, मग एकेक करून गेल्या.

"गेलं?" तिनं विचारलं.

"गेलं, मामी."

तिनं तोंड पुसलं, पदरानं परातीचा काठ पुसला, तुमच्या नावावरून दोनदा. "चहा टाक जरा," म्हणाली. "उद्या परत बसते. माझं भांडण संपलं न्हाई अजून."

सोमवारी पुण्यात परीक्षण आहे. वाकड्या अक्षरातलं नाव घेऊन, एकही नोंद न घेता मी परात मांडणार आहे. नापास झाले तर परत येईन आणि तुमच्या फोटोपुढे बसून तुमच्याशी भांडेन. फक्त नंबर लावावा लागेल, मामा. आधी मामी आहे.